शिलेदाराचा राजपार्ट

माझे वडील दशावतारात राजपार्ट करायचे. राजपार्ट म्हणजे राजाची, वीराची भूमिका. घरी आईकडे दुसरा चहा मागायला कचरणारा हा माणूस, मुकुट चढवला की इंद्राला दम भरायचा. आणि तो दम कुठे लिहिलेला नसायचा. दशावतारात गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते, संवाद मात्र ज्याचे त्याने उभ्या उभ्या आणायचे. ज्याचे शब्द आटले, तो हरला. मला लहानपणापासून तेवढंच करायचं होतं. वडिलांनी एका वाक्यात निकाल लावला होता, "चेडवांनी बघूचा, करूचा नाय." चेडवांनी म्हणजे मुलींनी. पुढे मी नर्स झाले, कुवेतला आले, पण ती हौस काही सुटली नाही.

नव्वद साली इराकी सैन्य शहरात शिरलं आणि आपली बहुतेक माणसं मिळेल त्या वाटेने घरी गेली. मी राहिले. शौर्यबिर्य काही नाही. वॉर्डात पेशंट होते, नर्सा उरल्या नव्हत्या, आणि ड्युटी लावली की मला नाही म्हणता येत नाही, ही माझी खोडच आहे. कुवेतच्या सलवा भागातल्या आमच्या इमारतीत कोकणातले काही कामगार राहायला आले होते. सुतार, प्लंबर, एसी मेकॅनिक, सगळे बायकापोरं गावाला ठेवून आलेले. काम बंद, बाहेर चेकपोस्ट. दिवसभर तळघरात बसून नुसते सुस्कारे टाकायचे. मला सुस्काऱ्यांचा भयंकर राग येतो.

वरच्या मजल्यावरचा अमेरिकन इंजिनियर उन्हाळ्यात रजेवर गेला होता, म्हणून वाचला. जाताना त्याने एक जाडजूड पुस्तक आमच्या हारिसला, म्हणजे वॉचमनला, देऊन टाकलं होतं. हारिस बंगाली, त्याला इंग्रजी येत नव्हतं, त्याने ते मला दिलं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या टेक्ससमधल्या एका रेंजरचं चरित्र होतं ते. सरहद्दीवर घोड्यावरून गस्त घालणारा, पुढे पलटणीत जाऊन लढलेला माणूस. मी ड्युटीवरून आले की ते वाचायचे आणि तळघरात जाऊन सांगायचे.

काय सांगू, माणसं चिकटलीच त्या गोष्टीला. सोळाव्या वर्षी घर सोडलं, असं म्हटल्यावर प्लंबर म्हणाला, "मी चौदाव्या." एकच कांबळं, तेच अंथरायचं, तेच पांघरायचं. घेवडा स्वतः शिजवायचा आणि करपवायचा. काही महिन्यांच्या मुदतीवर भरती, मुदत संपली की घरी, पुन्हा भरती. "म्हणजे कॉन्ट्रॅक्टवरच होतो मेलो," सुतार म्हणाला. शत्रूने पकडून त्याला दूरच्या तुरुंगात डांबलं, तिथून तो पळाला, तेव्हा तळघरात टाळ्या पडल्या. नाव उच्चारायला जमेना म्हणून त्याला सगळे 'शिलेदार' म्हणायला लागले.

हा सुतार गावाकडे दशावतारात राजपार्ट करणारा. पन्नाशीचा, आवाज असा की बाजूच्या इमारतीतली भांडी हलतील. एके दिवशी तोच म्हणाला, "ह्याचो प्रयोग करूया." झालं, तळघरात जीव आला. पखवाज नाही, तर पाण्याचा रिकामा पिंप. झांजा म्हणून स्वयंपाकघरातली झाकणं. जुन्या एक्स-रे फिल्मा कापून मी मुकुट केला, त्यात उजेडाला धरलं की कोणाची तरी बरगडी दिसायची. सुतार होणार होता टेक्ससच्या मूळच्या लोकांचा सरदार, आणि एसी मेकॅनिक शिलेदार. सुताराने लाकडाची अशी हुबेहूब बंदूक केली की मी ती बघितल्या बघितल्या फोडून चुलीत घातली. चेकपोस्टवरच्या पोरांनी पाहिली असती तर प्रयोग रस्त्यावरच झाला असता. सुतार दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

आणि प्रयोगाच्या तोंडावर मेकॅनिकला अम्मानच्या बसमध्ये जागा मिळाली, तिथून मुंबईचं विमान. आम्ही त्याला खजुराचे लाडू बांधून दिले, आनंदाने निरोप दिला, आणि परत येऊन एकमेकांची तोंडं बघत बसलो. शिलेदार कोण होणार? मी म्हटलं, मी.

"सिस्टर, राजपार्ट बाईमाणसाचो नाय," सुतार म्हणाला.

मी त्याला फाडूनच खाल्लं. म्हटलं, तुम्ही मिशा काढून, साडी नेसून द्रौपदी होता, तेव्हा देवाला चालतं, आणि मी पॅन्ट घातली की देव कोपतो काय? सगळे हसले. सुतार हसला नाही. म्हणाला, "रवा उभी. पण मी सांभाळून घेवचंय नाय." मला वाटलं, हा माणूस मला सगळ्यांसमोर गप्प करणार, आणि मग वडील म्हणत होते तेच खरं ठरणार.

शुक्रवारी दुपारची जेवणं झाल्यावर प्रयोग लागला, कारण संध्याकाळी कर्फ्यू. डोक्यावर गवती हॅट, काजळाच्या मिशा, घोडा म्हणून बगलेत कुबडी. मी दुडक्या चालीने आले तर हारिस हसून हसून खुर्चीवरून घसरला. मला आवाज सापडला, शब्द सापडले, वाळवंट, तहान, तुरुंग, सगळं आपोआप तोंडातून येत होतं. इतकी मजा मला आयुष्यात आली नव्हती.

मग सरदार पुढे आला. बरगड्यांचा मुकुट, खांद्यावर चादर. सुताराची मालवणी गेली कुठल्या कुठे, थेट दरबारी मराठी सुरू झाली. "हे परदेशी शिलेदारा, ज्या कुरणात माझ्या पूर्वजांच्या अस्थी मुरल्या, ज्या नदीला माझ्या आजीने नाव दिलं, तिथे तू घोडे नाचवतोस. मला एवढंच सांग. तुला इथे बोलावलं कोणी?"

पिंप थांबला. बाहेरून एक लष्करी ट्रक गेला, त्याचा आवाज जिन्यावरून खाली आला. तळघरात सगळ्यांच्या मनात एकच आलं, मला ते चेहऱ्यांवर दिसत होतं.

मला उत्तरं येत होती. वडिलांची ऐकून पाठ झालेली, धर्म, राजाज्ञा, पराक्रम, सगळा दारूगोळा जिभेवर होता. पण त्या तळघरात त्यातलं एकही बोलायची मला लाज वाटली. मी गप्प राहिले. सुतार वाट बघत होता. मग मी हॅट काढली आणि म्हटलं, "मला कोणीही बोलावलं नाही."

सुताराने माझ्या प्रत्येक बढाईला जबाब तयार ठेवला असणार. याला नव्हता. मग दरबारी मराठी सोडून, घरी पाहुण्याशी बोलावं तसा तो म्हणाला, "मगे बस. जेव. आणि जा."

आधी कोणालाच कळेना. मग पिंपवाला हसायला लागला, आणि तळघर फुटलंच. लोक हसत होते, डोळे पुसत होते. हारिसला कोणीतरी हिंदीत सांगितलं, तो 'खाओ और जाओ' म्हणत जिन्यावर बसून रडला. पुढे कित्येक दिवस ट्रक गेला की कोणीतरी हळूच म्हणायचं, "जेव आणि जा."

युद्ध झालं, शहर सुटलं, आणि एक्याण्णव साली मी रजेवर घरी आले. वडील थकले होते. पहिल्याच संध्याकाळी जेवताना मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाच विचारलं, "गप किती येळ रवलंस?" मी म्हटलं, पाय कापेपर्यंत. ते उठून हात धुवायला गेले. मला वाटलं, रागावले.

दुसऱ्या दिवशी मला घेऊन बाजारात गेले. कोळणीने माझ्याकडे बघून विचारलं, "ह्यां तुमचां कुवेतातलां चेडू? नर्स आसा ना?"

"राजपार्ट करता," वडील म्हणाले, आणि बांगडे उलटेपालटे करून बघायला लागले.