रेअरली म्हणजे किती

औषधाच्या खोक्यात घडी घालून ठेवलेला जो कागद कोणीच वाचत नाही, तो वाचायची नोकरी करणाऱ्या बाईंना छापखान्यात सगळे भिंगबाई म्हणत. बावीस वर्षांत त्यांनी एकही स्वल्पविराम निसटू दिला नव्हता. मात्र त्या अक्षरं वाचत, मजकूर नाही. शब्दांच्या अर्थात शिरलं की डोळा चुका गिळतो, असं त्यांचं म्हणणं. ‘रेअरली’ हा इंग्रजी शब्द तर जवळपास प्रत्येक कागदावर असायचा. रेअरली सूज, रेअरली चक्कर. त्याचा अर्थ ‘क्वचित’, म्हणजे हजारांत एखाद्याला, हे साहेबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं आणि बाईंनी ते या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिलं होतं.

रविवारी सकाळी यजमानांनी रक्तदाबाची नवी गोळी घेतली आणि अर्ध्या तासात त्यांचा ओठ टम्म फुगला.

“अगं, जीभ जड झालीय,” ते म्हणाले.

“अहो, बोलू नका!” बाईंनी खोकं टराटरा फाडून कागद काढला. वाचायला घेतलं. डोळे सवयीने एकेक अक्षर तपासत होते, अर्थ काही केल्या डोक्यात शिरेना. तिकडे यजमानांच्या घशातून शिटी वाजायला लागली. इतकी भीती बाईंना आयुष्यात वाटली नव्हती. त्यांनी धावत जाऊन कागद समोरच्या शेजारणीच्या हातात कोंबला.

“तुम्ही वाचा हो! मला वाचता येत नाहीये!”

शेजारीण अडखळत सांगायला लागली, “रेअरली घशाला सूज येते. तसं झालं तर ताबडतोब दवाखाना...”

पुढचं ऐकायला बाई थांबल्याच नाहीत.

दवाखान्यात दोन इंजेक्शनं टोचल्यावर शिटी थांबली. डॉक्टर म्हणाले, “घाबरू नका. ही गोळी हजारो लोक घेतात. असं रेअरलीच होतं.”

“हजारो असतील हो, डॉक्टर.” बाई म्हणाल्या, “माझ्याकडे हे एकच आहेत.”

डॉक्टर मग म्हणाले, “यांना आज इथेच ठेवतो, तुम्ही घरी जाऊन थोडं पडा. सूज परत येत नाही सहसा.”

सहसा! बाईंनी स्टूल ओढलं, पलंगाला अगदी खेटून बसल्या आणि यजमानांच्या गळ्यावर नजर रोखून एकेक श्वास मोजायला लागल्या. संध्याकाळपर्यंत त्यांना पाणी प्यायलाही उठवेना.