खंडेनवमीचा पाना

कीबोर्ड बडवून मिळतो तो पगार आणि हातांनी काम करून मिळतं ते समाधान, असं माझं ठाम मत होतं. (हे मत मी मारतहळ्ळीच्या ऑफिसात, एसीखाली, फिरत्या खुर्चीत बसून बनवलं होतं.) दिवसभर मी करतो काय? एका खिडकीतला मजकूर दुसऱ्या खिडकीत चिकटवतो. त्यावर साहेब म्हणतात, “पुन्हा एकदा बघ.”

म्हणून खंडेनवमीच्या, म्हणजे इथल्या कानडी लोकांच्या आयुधपूजेच्या, आदल्या संध्याकाळी मी स्वयंपाकघरातला ठिबकणारा नळ दुरुस्तीला घेतला. हत्यारांची पेटी नवी कोरी! घरातल्या पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह बंद केला, पाना लावून नळ काढला आणि त्याचे सगळे अवयव ओट्यावर मांडले. नळाच्या पोटात इतकं काही असतं, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं.

“अण्णा, उद्या मला बघायला यायचेत,” धाकटी बहीण सुमा म्हणाली. “प्लंबरला बोलवू का?”

“मग माझे हात कशाला आहेत?”

“त्यांचीच तर भीती आहे!”

सुमाची काळजी खरी होती. मुलगा तिला मनापासून आवडला होता, अडलं होतं ते त्याच्या वडिलांच्या होकारावर. आणि ते घराची टापटीप पाहून घराणं जोखतात, अशी त्यांची ख्याती. उद्या सकाळी चुटकीसरशी बसवतो, असं सांगून मी झोपलो.

सकाळी उठून बघतो तर पेटी रिकामी! पाना, पक्कड, पेचकस, सगळे न्हाऊनमाखून देवापुढच्या पाटावर बसले होते. हळदकुंकू लावलेलं, वर शेवंतीची फुलं. शेजारी माझा लॅपटॉपही कुंकू लावून नवऱ्या मुलीसारखा बसला होता.

“आई, जरा पाना दे.”

“पूजेतलं हत्यार? उद्याची आरती झाल्याशिवाय हात लावायचा नाही!”

“अगं, नळ उघडा पडलाय!”

“मग काल कशाला मोडलास?”

शेजाऱ्यांचे पानेही पाटावरच होते. प्लंबरला फोन केला, तर तो म्हणाला, “इवत्तु टूल मुट्टल्ला सार.” आज हत्याराला शिवणार नाही म्हणे! शेवटी मी पाइपात चिंधी कोंबली आणि व्हॉल्व्ह उघडला. चिंधी सुटली ती थेट होळग्यांच्या पुरणात, आणि तिच्यामागोमाग पाण्याचा फवारा माझ्या अंगावर. आईनं मला जे ऐकवलं ते सणाच्या दिवशी लिहिण्यासारखं नाही.

व्हॉल्व्ह पुन्हा बंद केला. आता एकच उपाय उरला. तळमजल्याच्या टाकीतून पाणी भरायचं. लिफ्टकडे गेलो, तर तिलाही हार, लिंबू आणि केळीचे खांब! वॉचमन म्हणाला, “पूजे सार. स्वल्प तड्कोळ्ळी.” जरा थांबा म्हणजे किती, हे त्यालाही माहीत नव्हतं. मग काय, लुंगी गुडघ्यावर, कळशी खांद्यावर आणि जिना समोर. हाताच्या कामाचं समाधान आता पोटऱ्यांपर्यंत उतरू लागलं.

अशाच एका खेपेला पाहुणे जिन्यात भेटले. “अरे, जरा बाजूला हो,” मुलाचे वडील म्हणाले. मी झालो. मागच्या दारानं स्वयंपाकघरात शिरून कळशी ओतत होतो, तोच बाहेरून त्यांचा आवाज आला.

“अय्यो, काय कामसू माणूस ठेवलाय हो तुम्ही! आमच्याकडचे पहिल्याच खेपेला बसकण मारतात. बरं, तुमचा मुलगा कुठंय?”

आईनं दारातून माझ्याकडे पाहिलं. ओला बनियन, कानावर पुरण.

“ऑफिसात गेलाय,” आई शांतपणे म्हणाली. “अमेरिकेचं काम. त्यांना कसली पूजा!”

“सरी, सरी,” बरोबर आहे म्हणत त्यांनी मान डोलावली.

पाहुणे जाईपर्यंत माझा मुक्काम जिन्यात. मला भयंकर राग आला होता. तेवढ्यात सुमा हळूच होळगी घेऊन आली. “अण्णा, एवढं सहन कर ना. खूश दिसतायत रे!” तिचा चेहरा इतका फुलला होता की माझा राग कुठल्या कुठे गेला. मी निमूटपणे पुढची कळशी उचलली.

संध्याकाळी त्यांचा फोन आला. मुलगी पसंत! आई आनंदानं रडायलाच लागली. सुमानं फोन स्पीकरवर टाकला.

“साखरपुडा तुमच्याकडेच करू,” मुलाचे वडील म्हणाले. “तुमच्या मुलाला सुट्टी मिळाली नाही तरी चालेल. पण तो पाणीवाला मात्र हवाच!”