सगळं बरं हाय

फोनवर वाईट बातमी सांगायची नाही, असा आमच्या घरात रिवाज होता. आबा, म्हणजे माझे वडील, फौजेत होते. त्यांचा फोन शेजारच्या किराणा दुकानात यायचा. दुकानदार हाक मारायचा आणि आई, मी, धाकटा भाऊ पळत सुटायचो. वाटेत आई बजावायची, "म्हशीचं काय बोलायचं न्हाई. आजी पडली ते बी न्हाई. उगं तिकडं जिवाला घोर." मग मी रिसीव्हर कानाला लावून ठरलेलं म्हणायचे, "सगळं बरं हाय, आबा." तिकडून बर्फातून आबा ओरडायचे, "हितं बी सगळं बरं हाय!" पलूसच्या आसपासच्या फौजी घरांत असंच चालतं. सीमेवरच्या माणसाला निघून येता येत नाही, मग त्याला सांगून काय करायचं?

हे दुसऱ्या टोकाला उभं राहून ऐकताना कसं वाटतं, ते मला जहाजावर गेल्यावर कळलं.

मी घरातली पहिली पदवीधर. सांगलीच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या बाईंनी कृष्णेच्या पाण्याचा एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून मला पाहायला लावलं. त्यात हिरव्या शेवाळाच्या नाजूक साखळ्या होत्या. बाई शेजारी उभ्या राहिल्या आणि त्यांनी मला हवा तितका वेळ पाहू दिलं. पुढे अंटार्क्टिकाच्या बाजूला जाणाऱ्या संशोधन जहाजावर माझी निवड झाली, तेव्हा पहिली आठवण त्यांची आली.

जहाजावर नाना विषयांची माणसं होती. कुणी समुद्राचे प्रवाह मोजत होतं, कुणी पाण्यात विरघळलेले वायू, कुणी तळाचा गाळ काढत होतं, तर कुणी हवामान मोजणारे फुगे आभाळात सोडत होतं. मी पाण्यातलं डोळ्यांना न दिसणारं शेवाळ गाळून ठेवायचे. समुद्रातलं खोलवरचं पाणी भरून आणणाऱ्या नळकांड्यांची चौकट वर आली की सगळे आपापल्या बाटल्या घेऊन रांगेत उभे राहायचे. वायूवाले पहिले, कारण हवा लागली की त्यांचा नमुना बिघडतो. माझा नंबर जवळजवळ शेवटी. तेच पाणी, पण प्रत्येकाचा त्याला वेगळा प्रश्न. मला त्या रांगेत उभं राहायला फार आवडायचं.

घरी बोलायला उपग्रहावरचा फोन होता, आठवड्यातून एकदा प्रत्येकाची पाळी. आवाज पोचायला वेळ लागायचा, त्यामुळे दोघं एकदम बोलायचे आणि दोघं एकदम थांबायचे. आता निवृत्त होऊन घरी असलेल्या आबांनी त्यावर तोडगा काढला. प्रत्येक वाक्याला ते वायरलेससारखं "ओव्हर" म्हणायचे.

"आबा, आई कुठाय?"

"मळ्यात गेलीया. ओव्हर."

पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारलं.

"आत्याकडं गेलीया कराडला. ऱ्हाईल चार दिस. सगळं बरं हाय. ओव्हर."

आई आणि आत्या यांचं चहातल्या साखरेवरूनसुद्धा जमत नाही. आई आत्याकडे एक रात्र राहायची नाही, चार दिवस तर लांबच. आणि ते "सगळं बरं हाय" मी चांगलं ओळखत होते. लहानपणी तेच वाक्य, त्याच सुरात, मी म्हणत आले होते.

त्यानंतर माझं चित्त कशात लागेना. गाळणीचे कागद बदलताना वाटायचं, आई आता आहे की नाही? तसं वाटलं की हात थांबायचा. बाहेर करडं पाणी, पांढरा बर्फ आणि वास कशालाच नाही. घरी या दिवसांत उसाचं पाचट पेटवल्याचा धूर अंगणापर्यंत येतो, आई त्याला शिव्या देत वाळत घातलेले कपडे आत घेते. एकदा तळाचा गाळ वर आला म्हणून कळलं, तशी मी मुद्दाम वास घ्यायला गेले. भूशास्त्राचे सर हसले, "काय हो, वनस्पतीवाल्या बाई, वाट चुकलात?" मी वाकून वास घेतला. खारट, गंधकासारखा. त्यात आमच्या काळ्या रानाचं काहीच नव्हतं.

माझ्याबरोबर खोलीत राहणारी केरळची मुलगी प्रवाह मोजायची. तिनं दोन दिवस माझं उतरलेलं तोंड पाहिलं आणि म्हणाली, "उद्याची माझी पाळी तू घे. माझी आई नुसती मासळीचा भाव सांगते."

दुसऱ्या दिवशी आबांनी मोबाइल उचलला. मी त्यांना बोलूच दिलं नाही.

"आबा, आईला फोन द्या. आत्ता. न्हाईतर मी हितनं हलत न्हाई."

तिकडं फोन हातातून हातात गेल्याची खरखर. मग आईचा आवाज आला, वाळलेला, बारीक.

"बाळा..."

"आई, कुठं हायस तू?"

"मळ्या..." ती थांबली. "मिरजंला हाय. दवाखान्यात. पोटात गाठ हुती, काढली. साधी हाय म्हनले डाक्टर."

मागून आबा, "आगं, सांगू नगंस की तिला!"

"तुमी गप बसा. आवाजावरनं वळाकतीया ती."

"दुखतंय का?" मी विचारलं.

"लय दुखतंय. खोकलं की टाकं वडत्यात. आन् हितली आमटी म्हंजे निस्तं पानी."

मी खाली बसले आणि रडायला लागले, आणि रडता रडता हसूही येत होतं. आमच्या घरातून इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी फोनवर "दुखतंय" म्हटलं होतं. एवढ्या लांबून मी तिच्यासाठी दुसरं काय करणार होते? निदान तिचं दुखणं तरी आता माझ्यापाशी होतं.

"आन् तू?" आई म्हणाली. "आता तू बी खरं सांग."

"बोट लागतीया, रोज उलट्या हुत्यात. आन् मला घरी यावंसं वाटतंय, आई."

खिडकीबाहेर बर्फाचे तुकडे जहाजाला घासत मागे चालले होते. जहाज अजून दक्षिणेकडेच निघालं होतं. ते कुणा एकासाठी वळणार नाही, हे मला माहीत होतं आणि फौजीची बायको असल्यामुळे आईला माझ्याहून जास्त माहीत होतं.

"मग ये की," आई म्हणाली, मी सांगलीच्या होस्टेलवरून बोलत असल्यासारखं.

मी म्हटलं, "येते."