अक्काच्या पुतळीचं तोंड

आधीच सांगते, मी भूतखेत, देव-देवस्की काही मानत नाही. साक्रीच्या बाजारात अंगारेवाल्याच्या शेजारी उभं राहून मी त्याच्याविरुद्ध पत्रकं वाटली आहेत. तरी हे लिहितेय... कारण त्या दुपारी धुळ्याच्या दुकानात मी पूर्ण शुद्धीवर होते, आणि सोबत आणखी दोन माणसं होती.

आमचं गाव सोनगीर. अक्का माझी आत्या. लग्नानंतर दोनच वर्षांत नवरा गेला, ती माहेरी आली. आजीने लग्नात दिलेली एक पुतळी तेवढी गळ्यात उरली होती. पुतळी म्हणजे जुनं परदेशी सोन्याचं नाणं, वर कडी जोडलेली. त्यावर एक शिपाई उभा – एका हातात तलवार, दुसऱ्यात बाणांची जुडी. तोंड मात्र नाही. विचारात असली की अक्का त्याच्यावर अंगठा फिरवायची. चाळीस वर्षांत नाक-डोळे सपाट झाले होते.

डोळ्याच्या ऑपरेशनसाठी अक्का जळगावला ॲडमिट झाली. पुतळी काढून भावाकडे, म्हणजे माझ्या वडिलांकडे, आबांकडे दिली. अक्का घरी येईपर्यंत आबांनी ती विकलीसुद्धा. तिला न विचारता.

मी जाब विचारला तर म्हणाले, "मन्ह्या मायनी पुतळी शे. तुले काय करनं? तू पत्रकं वाट."

बहिणींच्या हक्काचं पत्रक मीच लिहिलेलं. 'हक्कसोडीवर सही करू नका' – तालुकाभर वाटलं. घरात कोणी वाचलं नव्हतं.

नाणं घेतलं होतं धुळ्याच्या एका कापडवाल्या शेठने. डच व्यापारी नाणी जमवण्याचा त्यांना नाद. माणूस सरळ. मी जाऊन भेटले तर म्हणाले, "ताई, हे डच डुकाट. साल दुर्मिळ, म्हणून घेतलं. नाहीतर कडी लावलेलं, घासलेलं नाणं आम्ही हातात धरत नाही. पण बाईमाणसाचा तळतळाट नको. तुमच्या आत्यांनी ओळखलं तर सौदा रद्द."

दोन दिवसांनी अक्काला घेऊन गेले. एसटीत ती खुशीत होती. "शेठले सांग, चहा पाज. माल मन्हाच शे."

शेठने कपाटातून विकत घेताना बंद केलेलं पाकीट काढलं. फ्लॅपवर आबांची सही, वर शेठची चिकटपट्टी, दोन्ही जशीच्या तशी. आमच्यासमोर कात्रीने कापलं.

नाण्याला कडी नव्हती. ती जोडल्याच्या डाखाची खूणसुद्धा नव्हती. आणि शिपायाला तोंड होतं – नाक, दाढी, डोळे, सगळं लख्ख.

मला वाटलं, बदललं. मी बोललेसुद्धा, कडक बोलले. शेठने मोबाईलमधला खरेदीच्या दिवसाचा फोटो पुढे केला. तलवारीच्या टोकापाशी काठाला कोचा, दबलेला खळगा – फोटोत होता, नाण्यावर होता. एका बाजूला सरकलेला छाप तसाच. मग त्यांनी नाणं काट्यावर ठेवलं. काटा बंद केला, चालू केला, परत ठेवलं. कडी गेली तरी वजन पावतीपेक्षा जास्त.

"सोनं झिजतं ताई," शेठ हळूच म्हणाले. "वाढत नाही."

मग स्वतःच म्हणाले, "न्या तुम्ही. नाणं तेच आहे, माझा शब्द आहे."

अक्काने ते तळहातावर घेतलं. अंगठा ठेवला आणि लगेच उचलला.

"हाई मन्ही नही शे."

"अक्का, तीच आहे. कोचा बघ."

"मन्ह्या पुतळीले तोंड नव्हतं. चाळीस वरीसमा मी घशी टाकं व्हतं." तिने नाणं काउंटरवर ठेवलं. "आते तेमा मन्हं काय ऱ्हायनं?"

मी खूप समजावलं. कायदा सांगितला, स्त्रीधन सांगितलं. ती साडीच्या थप्प्यांकडे बघत राहिली. शेवटी शेठ म्हणाले, नको असेल तर तसं लिहून द्या, पुढे भांडण नको. अक्काला लिहिता येत नाही, सहीपुरतं येतं. कागद मी लिहिला. 'या नाण्यावर माझा कोणताही हक्क नाही.' मीच वाचून दाखवला. तिने सही केली.

घरी आबा जेवत होते. सगळं ऐकून म्हणाले, "देख. तिनी नव्हतीच."

मी एका सोनाराला विचारलं, एका केमिस्ट्रीच्या सरांना विचारलं. पुन्हा पॉलिश केलं असेल, म्हणाले. पॉलिशने वजन वाढतं का विचारलं, तर दोघांनीही काट्याला दोष दिला. कागद मात्र पक्का आहे – उद्या अक्काचं मन बदललं तरी मोडता येणार नाही, इतका नीट लिहिलाय मी.