गोठ्यात बांधलेली सासू

मला सासवा दोन. एक घरातल्या आणि दुसऱ्या मिशी काढून यायच्या. या दुसऱ्या म्हणजे माझे सासरे. तापीकाठची सगळी गावं त्यांना सासूआबा म्हणायची. एरवी कापूस लावणारा, मान खाली घालून चालणारा माणूस. पण यात्रेच्या नाटकात लाल लुगडं नेसून उलथनं उगारलं की बायका खाली बसून बोटं मोडायच्या.

लग्नाआधी आमच्या गावच्या यात्रेत मीही मोडली होती. म्हणून त्यांच्या मुलाचं स्थळ आलं तेव्हा मी कडब्याच्या गंजीमागे जाऊन बसले. वडील म्हणाले, "अगं, तो सासरा आहे." मला काही पटेना. आबा बघायला आले ते अर्धी उगवलेली मिशी घेऊन. मी पाण्याचा तांब्या लांबूनच पुढे केला. तो त्यांनी अलगद घेतला आणि म्हणाले, "बेटा, ती बाई मन्हा घरमा ऱ्हास नही. गोठामा ऱ्हास."

ती बाई गोठ्यात राहते म्हणजे काय, ते नांदायला आल्यावर कळलं. ते लुगडं गोठ्यातल्या खुंटीला असायचं. नाटकाहून आले की आबा तिथंच तोंड धुवायचे, बैलाच्या पाठीवर थोडा वेळ हात फिरवायचे आणि मगच उंबरा ओलांडायचे. म्हणायचे, "सोंग गोठामा बांधानं. घरमा सोडं ते शिंगं मारस." नाटकातला राजा यात्रा संपली तरी गावात छाती काढून हिंडायचा. आबा त्याच्या हाती विळा द्यायचे. "तुन्हं राज्य अजून उतरनं नही का? चारा काप."

पण माझ्या लग्नानंतरची पहिलीच यात्रा. मी सासूबाईंबरोबर अगदी पुढे बसलेली. नाटकातल्या सुनेला हाकलायला आबांनी उलथनं उगारलं आणि त्यांची नजर माझ्यावर पडली. मी तोंडात पदर कोंबून रडत होते. उलथनं वरच राहिलं. मग हळूच म्हणाले, "बस बेटा. भाकर खाई ले."

लोक पोट धरून हसले. सून झालेला सुताराचा गडी काकुळतीला आला. "आबा, हाकली द्या ना. मंग मन्हं गानं शे."

त्या दिवशी आबा गोठ्यातून लवकर आलेच नाहीत. आले ते सासूबाईंना म्हणाले, "लुगडं बोहारणीला दी टाक. ती बाई आते मन्हं ऐकस नही." इतक्या वर्षांचं नाटक सुटणार म्हणून माणूस सुकून गेला होता. सासूबाई मात्र भलत्याच गोष्टीवर रुसल्या. "इतला साल मी म्होरे बठस. मन्हाकरता कधी थांबनात का?"

लुगडं मी बोहारणीला दिलं नाही. पुढच्या यात्रेला सगळ्यांनी गळ घातली, तेव्हा आबा कसेबसे उभे राहिले. मी मागे, बैलगाडीच्या आडोशाला बसले. उलथनं वर गेलं, आबांची नजर बायकांवरून फिरायला लागली. मी घुंगट ओढला आणि ओरडले, "अवो भवाने, तुन्हा हात झडो!" मग सगळ्या बायका सुटल्या. आबांनी सुनेला असं हाकललं की सुताराचा गडी गाणं म्हणायच्या आधी खरोखरच पडला.

घरी आले ते तोंड धुऊन, शांत. मी भाकर वाढली, तसं आबांनी विचारलं, "इतल्या शिव्या कोन बाई दी ऱ्हायनी व्हती?"

मी म्हटलं, "कोण जाणे, आबा. गोठ्यातली असेल."

आबा भाकर मोडता मोडता हसत राहिले.

आता आबा नाहीत, बैलही नाहीत. गोठ्यात नातवाची मोटारसायकल असते. पण खुंटी आहे. सुनेवर राग आला की मी आधी तिथं जाऊन उभी राहते.