तांबड्या शाईचे मराठी

ब्रह्मदेश तेव्हा नुकताच हिंदुस्थानपासून वेगळा झाला होता. म्हणजे कागदोपत्री रंगून हा परदेश होता. नागपुरात इतवारीतल्या ज्या साप्ताहिकात मी उपसंपादक होतो, त्याच्या मालकांना तिथून चार प्रवासपत्रे हवी होती. मी धाकट्या भावाला बरोबर नेण्याचे ठरवले.

मी शिकायला पुण्याला गेलो तेव्हा तो आठ वर्षांचा होता. परतलो बारा वर्षांनी. मधल्या काळात आमचा संबंध पत्रांचा. तो बोलतो तसेच लिहायचा, ‘मले’, ‘तुले’, ‘येऊन राहिलो’. मी ती पत्रे तांबड्या शाईने दुरुस्त करून परत पाठवत असे. पुढे त्याची पत्रे बंद झाली. मी त्याचे कारण अभ्यास असेल असे धरले.

परतल्यावर मी शहरात राहिलो, तो हुडकेश्वरला शेतावर. वडिलांच्या तेराव्याला आम्ही शेजारी बसलो आणि पीकपाण्याखेरीज बोलायला काही निघाले नाही. घरात आता आम्ही दोघेच उरलो होतो. मला त्या गप्पपणाची भीती वाटली, म्हणून हा प्रवास.

“काहून गा दादा?” तो हसून म्हणाला. “बोलाले रंगून कायले पाह्यजे? विहिरीवर बसून नाही होत का बोलनं?”

पण आला. नवा कोट शिवून आला.

कलकत्त्याहून बोट निघाली आणि पहिल्याच दिवशी मला लागली. तो माझे डोके धरून बसला. “जगाच्या बातम्या छापतं अन् तुलेच बोट लागली! लिही हे पेपरात,” म्हणाला. मी ओकता ओकता हसलो. मग कठड्याशी उभा राहून त्याने पाणी निळे नसून काळे असल्याचा निकाल दिला: “निया नाही गा हे. काया हाय. याले काया पानी उगाच नाही म्हनत.” त्या संध्याकाळी तो वडिलांबद्दल, बैलांबद्दल, न झालेल्या एका सोयरिकीबद्दल बोलला. ज्यासाठी त्याला आणले होते, ते काम होत होते.

दुसऱ्या दिवशी डेकवर पुण्याचे एक वकील आणि त्यांच्या पत्नी भेटल्या. ओळखीचे कॉलेज निघाले, गप्पा रंगल्या. भाऊ थोड्या अंतरावर एका खलाशाला काहीतरी विचारत होता. त्याचे ‘मले’ आणि ‘तुले’ आमच्यापर्यंत येत होते. वकील गमतीने ऐकत होते.

“हे आपल्याबरोबर आहेत?” त्यांनी विचारले.

“हो,” मी म्हणालो. “आमच्या शेतीचं पाहतात.”

वाक्य खरे होते. एक शब्द गाळून खऱ्या बातमीचे काय करता येते, हे मी कचेरीत रोज पाहत होतो. इथे गाळलेला शब्द ‘भाऊ’ होता. मी मान वळवली तेव्हा तो माझ्यापासून दोन हातांच्या अंतरावर येऊन उभा होता.

वकीलबाई त्याला म्हणाल्या, “अरे, एवढी वळकटी सावलीत ठेवतोस का?”

“ठेवतो, बाईसाहेब.”

त्याने ती उचलून ठेवली आणि माझ्याकडे वळला. “आपल्याला आणखी काही हवं आहे का?”

वकील खूश झाले. “माणूस चांगला मिळाला आहे तुम्हाला.” तेव्हाही मला सांगता आले असते. मी सांगितले नाही.

रंगूनला आम्ही आठ दिवस होतो. आठही दिवस तो माझ्या दोन पावले मागे चालला, सामान उचलले, विचारले तेवढ्याला उत्तर दिले. मला ‘आपण’ म्हणत होता. एकही ‘गा’ नाही, एकही ‘ले’ नाही. सोन्याच्या मोठ्या पॅगोड्यात जाताना जोडे काढावे लागतात. मी काढले, तर त्याने ते उचलून हातात घेतले.

“ठेव खाली,” मी म्हणालो. तो तसाच उभा राहिला. मग इतक्या वर्षांत जे तोंडून काढले नव्हते ते मी काढले. “चुकलं माह्यं. पन तू माह्याशी असा काहून बोलून राहिला गा?”

त्याने माझ्याकडे शांतपणे पाहिले.

“‘बोलून राहिला’ नाही. ‘बोलतो आहेस’,” तो म्हणाला. “आणि ‘काहून’ नाही, ‘का’. आपणच लिहून पाठवलं होतं. सगळी पत्रं ठेवली आहेत मी.”

आणि जोडे घेऊन पुढे पायऱ्या चढू लागला. आठ दिवसांत तेवढा एकदाच तो माझ्या पुढे चालला.

नागपूर स्टेशनाबाहेर हुडकेश्वरचा एक गाडीवान बैलांची दमणी घेऊन त्याच्यासाठी थांबला होता. “आला का गा? कसं काय हाय रंगून?” त्याने विचारले. “बम मोठं हाय,” भाऊ म्हणाला, “चाल, मले लय भूक लागली.” मग मला वाकून नमस्कार केला. “येतो. प्रकृतीला जपावं.”

माझी चारही पत्रे छापून आली. बोटीवरच्या पत्रात काळ्या पाण्याबद्दलचे वाक्य आहे. ते कोणाचे, हे दिलेले नाही.

आता दर दिवाळीला त्याचे पत्र येते. सुवाच्य अक्षर, विरामचिन्हे जागच्या जागी. सवयीने मी पेन हातात घेऊन ते वाचतो आणि एखादे ‘मले’ राहून गेले आहे का ते शोधतो. अजून एकही सापडलेले नाही.