कंधारच्या टेलरचं सिसिलियन
लातूर-नांदेडच्या बुद्धिबळ स्पर्धांत हा कंधारचा टेलर मला बरीच वर्षं भेटतोय. एसटीनं येतो, गळ्यातला टेप घरी ठेवायला हमखास विसरतो आणि वाट्याला काळे मोहरे आले की सिसिलियन बचावच खेळतो. नावाला बचाव, ह्याच्या हातात ते सरळ भांडण असतं. विचार करताना बोटाला टेप गुंडाळत बसतो. टेप सोडला की समजायचं, आता मार बसणार.

यंदा लातूरला आमची गाठ पडली. राजाला आडोशाला नेणारा किल्लेकोट करताना घाईत माझा हात आधी हत्तीला लागला. नियमानं पहिला हात राजाला लागायला हवा; आता हत्तीच हलवायचा, राजा मधेच उघडा. मी गार पडलो. मागं उभ्या पंचांनी विचारलं, "आधी हात कशाला लागला?"

मी तोंड उघडायच्या आत टेलर म्हणाला, "राजालाच की. मी बघूनच राहिलो ना."

मी गप्प बसलो. त्याची लाज अजून वाटते.

पुढं दोन तास त्यानं मला यथेच्छ धुतलं. हरल्यावर मी विचारलं, "खोटं का बोललात?"

"गुरुजी, राजा उघडा सापडला असता तर धा चालीत खेळ खतम. कंधारहून मी धा चालीसाठी येऊ का?"

मग त्यानं मोहरे पुन्हा मांडले. "हां, आता करून दाखवा किल्लेकोट."

आयुष्यभर शाळेत शिकवत आलेल्या मी मुकाट्यानं आधी राजा उचलला.